मापाचा आकडा नको, सूत्र लिहा
सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारागिरांनी मापानुसार कटिंगचा नमुना आखण्यासाठी ‘सीमली-टूडी’ हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरताना रेषेची लांबी थेट आकड्यात लिहू नये. छाती ९६ सेंटिमीटर असेल, तर पुढच्या अर्ध्या भागासाठी २४ न लिहिता ‘छाती भागिले ४’ असे सूत्र द्यावे, कारण मापे वेगळ्या फाइलमध्ये राहतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची फाइल जोडताच संपूर्ण नमुना त्याच्या अंगाप्रमाणे नव्याने आखला जातो. सैलपणाही सूत्रातच मिळवावा. माझ्या मते खरी मेहनत इथेच वाचते. ए-फोर कागदांवर छापताना प्रमाण १०० टक्केच ठेवावे आणि नमुन्यात काढलेला १० सेंटिमीटरचा चौकोन टेपने मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये.