ऑफिसचे सगळे पीसी बदलायच्या आधी एक एक्सेल शीट उघडा

विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि लगेच कोटेशन मागवायला सुरुवात, असं करू नका. आधी शीटमध्ये एकेक पीसी लिहून काढा, कोण वापरतं, प्रोसेसर कुठला, रॅम किती, हार्ड डिस्क आहे की एसएसडी, आणि कुठल्या सॉफ्टवेअरवाचून काम अडतं. कंटाळवाणं आहे, पण अर्धा खर्च इथेच वाचतो.

मग विंडोज की आणि आर दाबून रन बॉक्समध्ये टीपीएम.एमएससी टाका (अर्थात इंग्रजीत, tpm.msc). टीपीएम म्हणजे पीसीतली सुरक्षेची सोय, विंडोज 11 ला ती लागते. व्हर्जन 2.0 दिसलं आणि इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर असला तर विंडोज 11 बहुतेक फुकटात चढतं. टीपीएम सापडलाच नाही तर बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा, बऱ्याचदा तो असतो पण बंद असतो, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने, तेवढं चालू केलं की काम झालं.

ज्यावर चढत नाही त्यातला जो फक्त ब्राउझरपुरता लागतो त्याला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका. एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसाठीच ठेवलेला असेल तर त्याचं नेट काढा. उरले त्यांना ईएसयू, म्हणजे पैसे भरून मिळणारे सिक्युरिटी अपडेट. पण बिझनेससाठी ते पहिल्या वर्षी पीसीमागे 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त 3 वर्षं, आणि उशिरा घेतलं तर मागच्या वर्षाचे पण भरावे लागतात. त्यामुळे पुढच्या बजेटमध्ये नक्की बदलणार असाल तरच घ्या. काहीच न करता नेटवर ठेवणं सगळ्यात महाग, मे 2017 मध्ये फायली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता, लोकांनी टाकला नव्हता एवढंच.

आता सबस्क्रिप्शन, म्हणजे माणसामागे पैसे भरून घेतलेली सॉफ्टवेअरची लायसन्स. खरी गळती इथे आहे. मी स्वतः ॲडमिन पॅनेलमध्ये लास्ट साइन-इनचा कॉलम लावून बघितला तर सोडून गेलेल्या 3 जणांची लायसन्स महिनोन् महिने चालू, आणि पैसे भरणारा मीच! तेव्हापासून कोणी सोडलं की त्याच दिवशी मेल शेअर्ड मेलबॉक्समध्ये (म्हणजे टीमला उघडता येईल अशा) टाकतो आणि लायसन्स काढून घेतो. ऑटो रिन्यूअल बंद करा, कॅलेंडरमध्ये 60 दिवस आधीचा रिमाइंडर लावा, कारण भाव करायचा असेल तर तो रिन्यूअलच्या आधीच होतो, नंतर कोणी फोनसुद्धा उचलत नाही.