कोरलच्या टाकीचा एलईडी कसा लावायचा: सुरुवात तीस टक्क्यांपासून

कोरलच्या, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर नवा एलईडी चढवला की पहिल्याच संध्याकाळी बहुतेक जण तो पूर्ण ताकदीने सोडतात. निळंशार पाणी, त्यात हिरवे-केशरी चमकणारे झोआ (छोट्या फुलांसारखं दिसणारं कोरल), घरातली सगळी मंडळी काचेला नाक लावून उभी. आठवडाभरात झोआ मिटून बसतात, मशरूम (हेही कोरलच, अळंबी नव्हे) आक्रसून नखाएवढे होतात आणि दुकानदाराला फोन जातो, ‘पाण्यात काहीतरी बिघडलंय.’ पाणी बऱ्याचदा ठीक असतं. प्रकाश जास्त झालेला असतो.

तासगावकडे ज्यांची द्राक्षबाग आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पानांच्या सावलीत वाढलेला घड एकदम उघडा पडला की उन्हाकडच्या बाजूचे मणी भाजतात. कोरलचं तसंच आहे. कोरल हा प्राणी, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. प्रकाश सोसेनासा झाला की शैवालाचं हे काम बिघडतं, त्यातून घातक द्रव्यं तयार होऊ लागतात आणि कोरल ते शैवालच बाहेर टाकतं. रंग जातो, पांढरेपणा येतो, आणि मुख्य म्हणजे घरातलं चुलाणंच विझल्यासारखं ते उपाशी पडतं. कमी प्रकाशात कोरल महिनोन्‌महिने तग धरतं. जास्त प्रकाशात चार दिवसांत जातं. म्हणून चुकायचंच असेल तर कमीच्या बाजूला चुका.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आपल्याकडची माणसं सुट्टीत मालवणला जातात आणि किनाऱ्यावरून काहीबाही उचलून आणतात. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मेलेला तुकडासुद्धा आणू नका. या लेखात मी बोलतोय ते झोआ, मशरूम आणि लेदर या मऊ कोरलांबद्दल. तीही घेताना पक्कं बिल मागून घ्या.

आधी टाकी नीट बघा

लाइटच्या आकड्यांना हात लावण्याआधी टाकीला खिडकीतून किती ऊन मिळतं ते दिवसभर बघा. आमच्या सांगलीतल्या, गावभागातल्या घरात पश्चिमेची खिडकी आहे. मार्चनंतर दुपारी चार ते सहा टाकीच्या उजव्या कोपऱ्यात थेट तिरीप पडायची. भर दुपारच्या उन्हात वनस्पतींना उपयोगी पडणारा प्रकाश साधारण २००० मायक्रोमोलपर्यंत असतो. हा प्रकाश ‘पार’ या मापात मोजतात: दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती प्रकाशकण पडतात ते. मशरूमला ५० ते १०० पुरतो, झोआ आणि लेदरला १००च्या आसपास, फार तर १५०. म्हणजे खिडकीतली ती कोवळी वाटणारी तिरीपसुद्धा कोपऱ्यातल्या मशरूमला भारी होती. जाड पडदा लावला आणि मगच लाइट बसवायला घेतला.

झाकणाची काच आणि एलईडीची भिंगं पुसून घ्या. पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर उडालेलं मीठ तिथे साचून पांढुरका थर बनतो आणि प्रकाश अडतो. कोणी महिनाभर न पुसता टक्के वाढवत जातो आणि एक दिवस काच घासून लख्ख करतो. कोरलला तो एका रात्रीत बसलेला झटका असतो. दर रविवारी पुसायची सवय लावली की हा प्रश्न येत नाही. पुसताना स्विच बंद, फडकं आरओच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं.

उंची आणि प्रकाश मोजणं

दीड फूट खोल टाकीसाठी लाइट पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर टांगा. खाली आणला तर मधोमध एक प्रखर ठिपका तयार होतो आणि कडा अंधारात राहतात. वर नेला तर प्रकाश सारखा पसरतो, पण बाहेरही सांडतो.

पार मीटर महाग असतो. पुण्या-कोल्हापुरात कोरल पाळणारा कोणी ओळखीचा असेल तर दोन दिवसांसाठी मागून आणा. नाही मिळाला तर फोनवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप घ्या, सेन्सरवर पांढरा कागद धरा आणि फोन पाण्याच्या जरा वर धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवा. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. निळा प्रकाश त्यात फार कमी दिसतो, त्यामुळे या आकड्यावरून पार काढायला जाऊ नका. पण कुठे जास्त, कुठे कमी, एवढं नक्की कळतं. टाकीचा साधा नकाशा वहीत काढून त्यावर हे आकडे मांडा. मशरूम कमी आकड्याच्या जागी तळाला, झोआ मध्यावर, लेदर थोडं वर. झोआ हलवताना हातमोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका. काही झोआंमध्ये अतिशय जहाल विष असतं.

पहिला आकडा

निळे चॅनल (चॅनल म्हणजे एका रंगाच्या दिव्यांचा गट) ३० टक्के, पांढरा ५, लाल आणि हिरवा शून्य. इथून सुरुवात करा. समुद्रात खोलवर निळाच प्रकाश पोचतो आणि कोरलमधलं शैवाल ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश चांगला वापरतं. पांढरा प्रकाश आपल्या डोळ्यांसाठी लागतो, तो फार वाढवला की काचेवर शेवाळही लवकर धरतं. अर्थात दोन कंपन्यांचे ३० टक्के सारखे नसतात, म्हणून शेजाऱ्याच्या टाकीचा आकडा आपल्या टाकीला लावू नये.

वेळ एकूण साडेआठ ते नऊ तासांची ठेवा. माझा लाइट दुपारी १ला हळूहळू चढायला लागतो, अडीचला ठरलेल्या आकड्यावर येतो, साडेआठला उतरायला लागतो आणि १०ला विझतो. रात्री पूर्ण अंधार हवा. मंद निळा दिवा रात्रभर चालू ठेवायची गरज नसते.

आठवड्याला पाच टक्के

दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, निळा फक्त ५ टक्क्यांनी वाढवा. वाढवण्याआधी बघा: झोआ दुपारी पूर्ण उमललेत का, मशरूमची कड पसरलेली आहे का. उत्तर नाही असेल तर त्या आठवड्यात आकडा तसाच. मला ३०वरून ५५वर यायला नऊ आठवडे लागले, कारण मध्ये दोन वेळा पंधरा-पंधरा दिवस थांबावं लागलं. ५५ला झोआंचे नवे कोंब फुटायला लागले, मग मी पुढे गेलोच नाही. शंभरपर्यंत पोचायलाच हवं असा काही नेम नाही.

कोरल काय सांगतंय ते ओळखायला थोडा काळ जातो. प्रकाश कमी पडला की झोआ मान उंच करून, लांब देठावर वर येतात, मशरूम थाळीसारखे पसरतात आणि रंग तपकिरी होत जातो. प्रकाश जास्त झाला की मशरूम आक्रसतो, कडा आत वळतात, वरून फिकटपणा येतो. लेदरच्या बाबतीत मात्र घाई करू नका. ते अधूनमधून चार-आठ दिवस मिटून राहतं, अंगावर मेणचट चमक येते, मग ते कातडं पापुद्र्यासारखं सुटतं आणि खालून ताजं अंग निघतं. ती त्याची रीत आहे. त्या दिवसांत लाइट कमी-जास्त करत बसू नका, फक्त वेव्हमेकरचा (टाकीतलं पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाचा) झोत त्याच्यावरून फिरू द्या.

रविवारी एक फोटो काढा, नेहमी पांढऱ्या प्रकाशात, एकाच जागेवरून. निळ्या प्रकाशातला फोटो फसवा असतो, फिकट पडत चाललेलं कोरलही त्यात झगमगतं.

वीज गेली तर

ऑगस्ट २०१९च्या पुरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. पाणी घरात शिरलं नाही, पण सहा दिवस वीज नव्हती. बॅटरीवरच्या एअर पंपावर टाकी जगली. वीज आली, लाइट त्याच्या वेळेला जुन्याच आकड्यावर लागला आणि मला इतका आनंद झाला की मी तो कमी करायचं विसरलो. तिसऱ्या दिवशी मोठ्या लेदरची कड पांढुरकी झाली, पंधरवड्यात अर्धं गळून गेलं. सहा दिवस अंधारात काढलेल्या कोरलला आधीचा ५५ सोसत नाही. तेव्हापासून नियम पाळतो: दोन दिवसांपेक्षा जास्त अंधार झाला की निम्म्या आकड्यापासून पुन्हा सुरुवात, आणि दोन आठवड्यांत मूळ जागी.

एरवीच्या तासा-दोन तासांच्या लोडशेडिंगने काही होत नाही. पण स्वस्त कंट्रोलरचं घड्याळ वीज गेली की मागे पडतं, काही तर शंभर टक्क्यांवरच चालू होतात. नवा लाइट घेतला की प्लग काढून पुन्हा लावून बघा, आकडे शाबूत राहतात का. इन्व्हर्टरवर लाइट घेऊ नका, वेव्हमेकर घ्या. अंधार चालतो, साचलेलं पाणी चालत नाही.

एप्रिल-मे

आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पाणी २७ अंशांच्या वर जायला लागतं, आणि गरम पाण्यात तोच प्रकाश कोरलला जड जातो. २८ दिसले की निळा दहा टक्क्यांनी उतरवा. लाइटची वेळ रोज अर्ध्या तासाने पुढे सरकवत दुपारी ४ ते रात्री १२वर आणा, म्हणजे एलईडीची उष्णता भर दुपारच्या उष्णतेत मिसळत नाही, आणि एखादा तासही वाचतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका सोडा. सांगलीची कोरडी हवा इथे कामाला येते, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. जुलैच्या दमट हवेत तोच पंखा तेवढा गार करत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घाला, मिठाचं नको, कारण मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

सगळ्या वायरी प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळणारा थेंब झोळातून जमिनीवर पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. टाकीचा बोर्ड आरसीसीबीवरच (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवरच) हवा. खारं पाणी आणि वीज एकत्र आहेत आणि घरातली पोरं रोज त्या काचेला हात लावणार आहेत.