घडीतून उभं राहणारं व्हिडिओ गेमचं मशीन: कुर्लीवालं भेटकार्ड

कार्ड उघडलं की मशीन ताठ उभं राहिलं पाहिजे आणि मिटलं की पाकिटात सपाट गेलं पाहिजे. एवढं जमलं तर सजावट थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते. हे चुकलं तर कितीही चमकी लावा, कार्ड जबडा वासून बसतं. म्हणून खाली मापांवरच जास्त भर आहे.

मशीन म्हणजे जत्रेत किंवा एसटी स्टँडसमोरच्या पार्लरमध्ये असायचं तसं उभं कपाट: वर नावाची पाटी, मध्ये पडदा, खाली दांडा आणि बटणं. पडद्यावर कुर्ली, म्हणजे खेकडा, आणि तिचा तिथे मूळचा हक्क आहे. जपानच्या ताइतो कंपनीचा स्पेस इन्व्हेडर्स हा खेळ १९७८ साली आला. तो करणाऱ्या टोमोहिरो निशिकादो यांनी हल्लेखोरांना ऑक्टोपस, खेकडा आणि म्हाकुलाचे आकार दिले होते. मालवणच्या मासळीबाजारातली मंडळीच ती! गुणही ठरलेले: ऑक्टोपस १०, खेकडा २०, म्हाकूल ३०. वाढदिवसाच्या कार्डाला हे फार छान लागू पडतं. चाळिशीला दोन कुर्ल्या, साठीला तीन.

सामान

तळाच्या कार्डाला ३०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पांढरी किंवा फिकी कार्डशीट, ए-फोर मापाची. मशीनला २०० ते २२० जीएसएमची काळी किंवा गडद निळी. कुर्लीसाठी साधा जाडसर पांढरा कागद, एक ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची), हिरव्या आणि नारिंगी जिलेटीन पेपरचे तुकडे (दिवाळीच्या कंदिलातले उरलेले चालतात), पाव इंची डबल साइड टेप आणि थोडं फेव्हिकॉल. हत्यारं: स्टीलची पट्टी, नवं पातं घातलेला कटर, ग्राफ पेपर, चिमटा आणि एक संपलेली रिफील. कापताना खाली आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा घेऊ नका; त्याच्या नाळ्यांत पातं शिरतं आणि रेघ सोडून पळतं. वहीच्या पाठीचा सपाट, घट्ट पुठ्ठा दुहेरी करून घ्या.

कागदाला धागा असतो, तो आधी ओळखा. शीट हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहा. ज्या दिशेला विरोध न करता वाकते, त्या वाकाच्या रेघेला समांतर धागा. घडी धाग्याला समांतर आली तर स्वच्छ पडते, आडवी आली तर कडेला कागद फुटतो आणि काळ्या शीटवर पांढरी रेघ दिसते. तयार ए-फोर शीटमध्ये धागा बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतो, म्हणजे मधोमध घातलेली घडी नेमकी आडवी येते. शक्य असेल तर मोठी शीट आणून स्वतः कापा. नसेल तर प्रत्येक घडी मोडण्याआधी पट्टी धरून रिफिलीने दोनतीनदा दाबून खोलगट रेघ ओढा. ही रेघ एरवीही ओढायचीच आहे, इथे जरा जास्त मनापासून.

सांगाडा

ए-फोर शीट मधोमध दुमडा: २१० मिलीमीटर लांबीची घडी, दोन्ही पानं १४८ मिलीमीटरच्या आसपास. कार्ड काटकोनात उघडून ठेवलं की एक पान जमीन आणि दुसरं मागची भिंत.

मशीनच्या मुख्य पट्टीचं माप १५० बाय ९० मिलीमीटर. लांबीवर क्रमाने १०, ४०, ९०, १० अशा खुणा करून आडव्या रेघा दाबा. पहिले १० म्हणजे भिंतीला चिकटणारी पट्टी, ४० म्हणजे मशीनचं छत, ९० म्हणजे दर्शनी बाजू, शेवटचे १० जमिनीला. आता कार्डावर पेन्सिलने दोन रेघा काढा: भिंतीवर मधल्या घडीपासून ९० वर, जमिनीवर मधल्या घडीपासून ४० वर. दोन्ही घडीला अगदी समांतर हव्यात.

इथे सगळं गणित आहे, ते नीट लक्षात घ्या. छत ४० तर जमिनीवरचं अंतरही ४०. दर्शनी उंची ९० तर भिंतीवरची उंचीही ९०. या दोन जोड्या जुळल्या की मशीन काटकोनात उभं राहतं. कार्ड मिटण्यासाठी मात्र बेरीज जुळावी लागते: भिंतीवरची उंची अधिक छत, आणि जमिनीवरचं अंतर अधिक दर्शनी उंची, दोन्ही १३०. बेरीज जुळली पण जोड्या चुकल्या तर कार्ड मिटतं, मशीन पुढेमागे झुकतं. बेरीजच चुकली तर कार्ड मिटतच नाही. दाबून मिटवलं की छताला सुरकुती पडते आणि ती कायमची राहते. मिटल्यावर मशीनचा माथा घडीपासून १३० वर येतो, पान १४८ चं आहे, म्हणून बाहेर डोकावत नाही. मापं बदलायची असतील तर ही बेरीज १३५ च्या वर नेऊ नका, कारण पाटीलाही जागा लागते.

दर्शनी बाजूत, तळापासून ४२ ते ८२ मिलीमीटरच्या मध्ये, ६६ बाय ४० ची खिडकी कापा. कोपऱ्यापासून मध्याकडे कापत या. मध्यातून कोपऱ्याकडे गेलात तर पातं हमखास कोपरा ओलांडतं.

कुर्ली

ग्राफ पेपरवर ११ बाय ८ चौकोन आखा, प्रत्येक ३ मिलीमीटरचा. एकूण ४६ चौकोन भरायचे:

□□■□□□□□■□□
□□□■□□□■□□□
□□■■■■■■■□□
□■■□■■■□■■□
■■■■■■■■■■■
■□■■■■■■■□■
■□■□□□□□■□■
□□□■■□■■□□□

भरताना डोळे सांभाळा: चौथ्या ओळीतला चौथा आणि आठवा चौकोन रिकामा. बघा, मिशांची दोन टोकं आणि पोटाखालच्या दोन जोड्या बाकीच्या अंगाला फक्त कोपऱ्याने टेकतात. आकृती अख्खी कापायला गेलात तर हे चार तुकडे गळून पडतात. कोपऱ्यांत कागद राखून जोडायचा प्रयत्न केला की आकार गुबगुबीत होतो आणि चौकोनांची मजा जाते. सरळ मार्ग असा: मधलं अंग एकसंध कापा, चार तुकडे वेगळे कापा, ग्राफ पेपरवर ओएचपी शीट ठेवा आणि चिमट्याने सगळं शीटवर नेमक्या जागी डकवा. मागची रेघ दिसत असते, त्यामुळे चूक होत नाही. दोन किंवा तीन कुर्ल्या हव्या असतील तर चौकोन २ मिलीमीटरचा घ्या. तीन असतील तर दोन वर, एक खाली.

ओएचपीवर फेव्हिकॉल चालत नाही. त्यातलं पाणी शोषायला प्लास्टिक तयार नसतं, म्हणून ते वाळून पापुद्र्यासारखं सुटतं. इथे डबल साइड टेपच, बारीक कापून.

ही शीट मशीनच्या पोटात, दर्शनी बाजू आणि भिंत यांच्या मधोमध उभी राहायची आहे. तिची उंची नेमकी ९०, रुंदी ८०. वर आणि खाली कार्डशीटची १० मिलीमीटरची दुमडलेली पट्टी टेपने लावा. ओएचपीलाच घडी घातली तर ती सारखी उलगडू बघते. छताच्या आतल्या अंगाला भिंतीकडच्या घडीपासून २० वर आणि जमिनीवर मधल्या घडीपासून २० वर ती चिकटेल. मागच्या भिंतीवर, छताच्या रेघेखाली, काळा कागद लावून त्यावर पांढऱ्या जेलपेनने चांदण्यांचे ठिपके द्या. समोरून पाहताना कुर्ली अधांतरी तरंगते.

आता रंग. मूळ मशीनचा पडदा कृष्णधवल होता. रंग यायचे ते त्यावर लावलेल्या पारदर्शक रंगीत पट्ट्यांतून, खाली हिरवा आणि वर लालसर नारिंगी. आपणही तेच करायचं: खिडकीच्या आतून वर १० मिलीमीटर नारिंगी जिलेटीन, खाली १२ मिलीमीटर हिरवं, मधला भाग मोकळा. कुर्ली पांढरीच ठेवा. पट्टीची एकच लांब कड चिकटवा. चारही बाजूंनी ताणून लावलेलं जिलेटीन दमट हवेत सैल पडतं आणि त्याला लाटा येतात.

जोडणी

आधी ओएचपीची वरची पट्टी छताला लावा. मग मुख्य पट्टीचं आणि ओएचपीचं खालचं टोक जमिनीवरच्या आपापल्या रेघांवर चिकटवा. चिकट पट्ट्या मधल्या घडीच्या दिशेने, म्हणजे बाहेरून दिसत नाहीत. आता सगळं पुढे आडवं पाडा. भिंतीला चिकटणारी पट्टी वर येईल. तिच्यावर टेप लावून कागद सोला आणि कार्ड शांतपणे मिटा. पट्टी आपली जागा आपणच धरते. उघडून पाहिलंत आणि ती पेन्सिलच्या रेघेपासून एखाद्या मिलीमीटरने सरकलेली दिसली, तरी ती तशीच राहू द्या. बेरीज जुळण्यासाठीच ती तिथे गेली आहे.

बटणांचा कट्टा ही दुसरी, छोटी पट्टी: ७१ बाय ९०, खुणा ८, २०, ३५, ८. वरची कड दर्शनी बाजूवर ३५ उंचीवर, खालची जमिनीवर मधल्या घडीपासून ६० वर. पंचिंग मशीनने पाडलेल्या रंगीत टिकल्या म्हणजे बटणं. दांडा कार्डशीटचाच, वर ८ मिलीमीटरचा लाल गोल. कट्ट्याच्या दर्शनी भागाला खालून चिकटवून १८ मिलीमीटर वर डोकावू द्या. मण्याची टाचणी लावण्याचा मोह होतो, पण ती मिटताना मागच्या पानाला भोक पाडते. पाटी छताच्या वर १२ मिलीमीटरच, जास्त नको.

दोन्ही कुशी उघड्याच ठेवा. झाकल्या तर आत अंधार होतो आणि चांदण्या दिसत नाहीत.

आत फोम टेप कुठेही नको. तिची जाडी कार्ड मिटू देत नाही. उठावाची हौस मुखपृष्ठावर भागवा. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि मखरं पुठ्ठ्याची करायला लागलेल्यांना ठाऊक आहेच की पुठ्ठ्याचे दोन थर तेच काम करतात.

दमट हवा

जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर कागद हवेतलं पाणी पितो आणि धाग्याच्या आडव्या दिशेने फुगतो. त्यात एकाच बाजूला फेव्हिकॉल थापलं की पान होडीसारखं वळतं. मोठ्या पृष्ठभागावर टेप, फेव्हिकॉल फक्त पट्ट्यांवर, बोटाने पुसल्यासारखं पातळ. वळलेलं कार्ड उन्हात टाकू नका, वरची बाजू आधी सुकून ते आणखी वळतं. मिटून, मध्ये बटर पेपर घालून, जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. कणकेची खळ या कामाला वापरू नका. तिला बुरशी धरते आणि कसर लागते. इंकजेट प्रिंटची शाई ओलसर बोटानेही पसरते. छापील पाटी हवी असेल तर झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंट घ्या.

पाकीट १६२ बाय २२९ चं लागतं. आत कार्डाच्या मापाचा साधा पुठ्ठा घाला, म्हणजे शिक्क्याचा ठोसा मशीनच्या घड्यांवर बसत नाही. मुंबईच्या चाकरमान्यासाठी पावसात पाठवत असाल तर प्लास्टिकची पिशवी हवीच, पण फेव्हिकॉल लावल्यावर एक पूर्ण दिवस गेल्यानंतर. आधी बंद केलीत तर आतलं पाणी आतच राहतं आणि आठवड्याभरात काळ्या कार्डशीटवर पांढरे ठिपके उमटतात, जे चांदण्यांसारखे दिसले तरी बुरशीचे असतात.