स्टीपलचेस : थकलेल्या पायांनी अडथळा कसा पार करावा

२०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीडच्या अविनाश साबळेचं ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या, म्हणजे वेळ सांडायला ३५ जागा! पहिला अडथळा ताज्या पायांनी कुणीही झोकात पार करतो. खेळाडू किती मोठा, हे शेवटच्या पाच-सहा अडथळ्यांना कळतं.

अडथळा पुरुषांसाठी ९१.४ सेंमी, महिलांसाठी ७६.२ सेंमी उंच. वरची पट्टी १२.७ सेंमी रुंद. हर्डलसारखा तो धक्क्याने आडवा होत नाही; पाय लागला की पडतो तो धावपटूच. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत शेवटच्या लॅपला जागतिक विक्रमवीर लामेचा गिर्मा असाच कोसळला.

सुरुवात गवतावर, साध्या हर्डलवर, ७६ सेंमीपासून करा. डावा असो वा उजवा, कुठलाही पाय आधी पुढे टाकून उडी घ्यायला शिका. गर्दीत कुठला पाय येईल सांगता येत नाही. नवख्यांची हमखास चूक म्हणजे अडथळा जवळ आला की पावलं आखूड करून थबकणं. उलट शेवटच्या १०-१५ मीटरमध्ये वेग किंचित वाढवा आणि साधारण सव्वा ते दीड मीटर अलीकडून उडी घ्या. फार जवळून उडालात तर शरीर उंच जातं आणि उतरताना धाडकन आदळतं. मागच्या पायाचा गुडघा बाजूने वर ओढून घ्या. थकल्यावर आधी हाच पाय खाली लोंबतो.

पाण्याची उडी हा खरा कस. अडथळ्यापलीकडचा ३.६६ मीटर लांबीचा पाण्याचा खड्डा अडथळ्याशी सर्वांत खोल, पुढे उथळ होत जातो. पट्टीवर तळव्याचा मधला भाग ठेवा, गुडघा वाकलेला, डोकं खाली. पट्टीवर उभे राहिलात की वेग संपला. शरीर पट्टीच्या पुढे गेल्यावरच पायाने मागे रेटा द्या, वर उसळू नका. एक पाय उथळ पाण्यात, दुसरा थेट ट्रॅकवर. दोन्ही पाय एकदम पाण्यात पडले, तर तिथून पुन्हा वेग घेण्यात दम जातो.

सराव थकव्यातच हवा. आठवड्यातून एकदा ५ × १००० मीटर शर्यतीच्या वेगाने, प्रत्येक लॅपला अडथळे, मध्ये ३ मिनिटं विश्रांती. शेवटच्या फेरीचा व्हिडिओ काढून पहिल्या फेरीशेजारी लावून बघा: उडीची जागा सरकली का, मागचा गुडघा खाली आला का? दिसलं, तर पुढच्या आठवड्यात वेग वाढवू नका, तीच फेरी सुधारा. अडथळ्यांशिवायच्या ३००० मीटरपेक्षा स्टीपलचेसला ४० सेकंदांहून जास्त लागत असतील, तर कमी दमाची नाही, तंत्राची आहे.