टॅबवर गाणं उतरवायचं तर असं उतरवा

मिरज-पंढरपूर गाडीत कवठेमहांकाळ मागे पडलं आणि माझ्या टॅबमधली सगळी गाणी करडी पडली. आदल्या रात्री जागून 'डाउनलोड' केलेली. प्रत्येकापुढे हिरवी खूण होती, ती मी स्वतः पाहिली होती. बोट लावलं की वर पाटी यायची: सभासदत्व संपलं आहे. ॲपचं वर्षाचं भाडं नेमकं त्याच दिवशी संपलं होतं, आणि मिरज स्टेशनात नेट होतं तेवढ्यात ॲपनं ते ताडलं. तीन तास खिडकीतून डाळिंबाच्या बागा बघत गेले. पुण्यातल्या भाच्याला फोन लावला तर म्हणाला, "मावशी, ती गाणी तू घेतली नव्हतीसच. भाड्यानं आणली होतीस."

टॅब मी दिवाळीत घेतला, दहा इंची. घेतला तो रियाजासाठी. शाळेतून निवृत्त झाल्यावर साठीत गाणं शिकायला लागले, कॅसेटचा डेक बंद पडला, आणि मोबाइलवर बंदिशीची वही वाचायची तर चष्म्यावर चष्मा लावावा लागतो. गेल्या काही महिन्यांत जे शिकले ते इथे लिहिते आहे. माझ्यासारखं ख्याल, ठुमरी, नाट्यगीत ऐकणाऱ्यांना उपयोग होईल. ज्यांना फक्त चालू गाणी हवीत त्यांचं भाड्याच्या ॲपवर छान चालतं, त्यांनी एवढा खटाटोप करू नये.

पहिली गोष्ट म्हणजे डाउनलोड दोन जातींचं असतं. भाड्याच्या ॲपमधलं डाउनलोड कुलूपबंद असतं. ते त्या ॲपबाहेर वाजत नाही, पेन ड्राइव्हवर जात नाही, आणि अधूनमधून ॲपला नेट दाखवावं लागतं. स्पॉटिफायला महिन्यातून एकदा तरी. दुसरं डाउनलोड म्हणजे खरीखुरी फाइल. ओळखायचं कसं? टॅबमधलं 'फाइल्स' उघडा. तिथे गाणं नावानिशी दिसलं आणि दुसऱ्या कुठल्याही प्लेअरमध्ये वाजलं, तर ते तुमचं.

अशा फाइली मला दोन ठिकाणी मिळाल्या. बँडकॅम्पवर कलाकाराचा अल्बम विकत घेता येतो, आणि पैसे भरल्यावर फाइल कुठल्या प्रकारात हवी ते तिथेच विचारतात. मी पहिला घेतला तो एका तरुण बासरीवादकाचा. खरं सांगायचं तर वाजवणं सुरेख, पण ध्वनिमुद्रण इतकं धुऊनपुसून काढलेलं की वादक श्वास घेतो की नाही असं वाटावं. तानपुरा पार मागे ढकललेला. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीतून जाता-येता जवारीचा, म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवरून तारेला येणारा, झंकार कानावर पडतो, त्यामुळे मला हे जास्तच खटकलं असेल. नंतर घेतलेली एक मैफल मात्र तशीच, प्रेक्षकातल्या खोकल्यासकट आहे. मध्ये कुणाचं तरी पाण्याचं भांडं पडतं. ती मी दहादा ऐकली.

दुसरं ठिकाण इंटरनेट आर्काइव्ह, जुन्या गोष्टी जपणारं संकेतस्थळ. तिथे जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, तबकड्या लोकांनी चढवून ठेवल्या आहेत. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या. कुणी नव्यानं साफसूफ करून विकत असेल तर गोष्ट वेगळी, ती विकतच घ्यावी. तीन-सव्वातीन मिनिटांत राग उभा करायचा म्हणजे काय, हे कळायला या तबकड्यांसारखा मास्तर नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती जेमतेम साडेतीन मिनिटांची. आम्हाला नुसता षड्ज, म्हणजे पहिला सा, लागायला तेवढा वेळ जातो.

तबकडीवरून उतरवलेल्या फाइलीत एक खोड असते. सगळ्या ७८च्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नसत, आणि उतरवणाऱ्यानंही वेग अंदाजानं धरलेला असतो. वेग ७८च्या जागी साडेब्याऐंशी झाला की आवाज जवळजवळ अर्ध्या सुरानं, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या पट्टीइतका चढतो. माझ्याकडे एकच तबकडी दोघांनी चढवलेली आहे, एक पेटीच्या काळी चारला लागते तर दुसरी तिच्या लगतच्या पांढरी सहाला. म्हणून गाण्याबरोबर गायला बसण्याआधी तानपुऱ्याच्या ॲपवर तिची पट्टी शोधून कागदावर लिहा. मी न लिहिता बसले आणि घसा धरला.

आता फाइलीचा प्रकार. एफएलएसी, म्हणजे फ्लॅक, यात मूळ आवाजातलं काहीच गाळलेलं नसतं. एमपी३मध्ये गाळलेलं असतं. किती गाळलं ते आकड्यावरून (सेकंदाला किती किलोबिट) कळतं: ३२० म्हणजे कमी, १२८ म्हणजे बरंच. अर्ध्या तासाचा ख्याल ३२०च्या एमपी३मध्ये ७२ एमबी होतो, १२८मध्ये २९, आणि सीडीवर जसा असतो तसाच न दाबता ठेवला तर ३१७. फ्लॅक या ३१७च्या निम्म्याच्या आसपास, थोडं इकडेतिकडे. नातवानं माझी परीक्षा घेतली, पाठ फिरवून बसवलं आणि फ्लॅक आणि ३२० आलटूनपालटून लावलं. पाचांतलं तीनदा चुकले. तेव्हापासून ऐकायला ३२० पुरे, असं ठरवलं. मात्र १२८ नको, विशेषतः जुन्या तबकड्यांना. त्यांची खरखर फार दाबली की पाण्यात बुडबुडे आल्यासारखी होते आणि गायकाचा 'आ'कारही त्यात भिजतो. विकत घेतलेलं असेल तर फ्लॅकसुद्धा उतरवून संगणकावर ठेवा. दूध घरात असलं की दही केव्हाही लावता येतं, दह्याचं दूध होत नाही.

मेमरी कार्डाच्या बाबतीत मी फसले, तुम्ही फसू नका. बाजारातल्या एका दुकानातून २५६ जीबीचं कार्ड इतक्या स्वस्तात मिळालं की त्या आनंदात मी बाहेर भेळ खाल्ली. पहिल्या शंभरएक फाइली नीट वाजल्या. पुढच्या सगळ्या फाइलींची नावं दिसत, वेळ दिसे, आवाज नाही. कार्ड मुळात १६ जीबीचं होतं, वर आकडा खोटा छापलेला. असं कार्ड भरल्यावरही तक्रार करत नाही, मुकाट्यानं सगळं गिळतं. म्हणून नवं कार्ड आणलं की आधी ते संगणकावरून काठोकाठ भरा, सगळ्यात शेवटी टाकलेल्या फाइली वाजवून बघा, मगच त्यावर विश्वास टाका. आता माझं ६४ जीबीचं साधं कार्ड आहे. ३२०च्या हिशेबानं त्यावर चारशे तासांहून जास्त गाणं मावतं. मोठं घेऊन करायचंय काय! आणि टॅब घेतानाच कार्डाची खाच आहे ना ते बघा. आयपॅडला ती नसते.

संगणकावरून टॅबवर फाइली न्यायला केबल जोडली की टॅबवर वरून खाली बोट ओढा. 'फक्त चार्जिंग' असं लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारून 'फाइल ट्रान्सफर' करा. हे कुणी सांगितलं नाही म्हणून माझी एक अख्खी दुपार गेली.

खरं काम पुढे आहे, आणि तेच सगळे टाळतात: नावं. बाहेरून आलेल्या फाइलींची नावं रोमन लिपीत, ज्याच्या त्याच्या मनाला येईल तशी. भूप एकीकडे भूप, दुसरीकडे भूपाली. मालकंस कुणाचा मालकौंस, कुणाचा मालकोश. शिवाय निम्म्यांच्या नावाआधी 'राग' लिहिलेलं, त्यामुळे यादीत सगळी गर्दी 'र'पाशी. टॅबवर हे दुरुस्त करत बसू नका, डोळे जातील. संगणकावर एमपी३टॅग नावाची फुकटची सोय आहे, तिच्यात पन्नास फाइली एकदम निवडून बदलता येतात. माझी युक्ती अशी: 'शैली' या रकान्यात पॉप, रॉक असलं काही लिहिण्याची अपेक्षा असते, तिथे मी रागाचं नाव घालते, देवनागरीत. मग प्लेअरमध्ये शैलीची यादी उघडली की अहिरभैरवपासून हमीरपर्यंत राग रांगेत उभे. मारव्यावर बोट ठेवलं की घरात आहेत तेवढे सगळे मारवे समोर. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी एखादा राग सुरू केला की त्या आठवड्यात मी तोच एक कप्पा ऐकते. क्रमांक घालताना १ नको, ०१ घाला, नाहीतर काही ठिकाणी एकानंतर थेट दहा वाजतो आणि द्रुत आधी, आलाप नंतर असा उलटा संसार होतो.

प्लेअर मी दोन वापरते. ऐकायला म्युझिकोलेट, कारण ते नेट मागतच नाही. शिकायला व्हीएलसी. व्हीएलसीमध्ये वेग कमी केला तरी पट्टी तीच राहते. तानेची जागा कळत नसेल तर वेग ०.७५ करा. एकच आवर्तन पुन्हापुन्हा हवं असेल तर अ-ब रिपीटमध्ये सुरुवातीची आणि शेवटची खूण लावा. मी शेवटची खूण समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, थोडी पुढे लावते. समेवरच कापलं तर दर फेरीला ठेच लागते. गाण्यांचा क्रम उलटापालटा करणारं 'शफल' कायमचं बंद करा. अल्बममध्ये विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फाइलींत असतील तर मध्ये खंड न पाडणारं 'गॅपलेस' चालू हवं, आणि एका गाण्यात दुसरं मिसळणारं 'क्रॉसफेड' बंद. बडा ख्याल संपता संपता त्यावर पुढचं भजन चढलं, तेव्हा मी स्वयंपाकघरातून पीठ माखल्या हातांनी धावत आले होते. अर्ध्या तासानं गाणं आपोआप गप्प होत असेल तर टॅब बिघडलेला नाही. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरीबचत काढून टाका.

आवाजाबद्दल माझं मत कडक आहे. टॅबच्या स्पीकरवर तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सा, येत नाही. येतो तो त्याचा वरचा झंकार, बाकीचं मन भरून घेतं. नुसतं ऐकायला तेवढ्यावर निभतं, पण षड्ज लावायला बसलात तर वायरचे इयरफोन घ्या. अनेक नव्या टॅबना गोल पिनेची खाचच नसते, मग चार्जिंगच्या खाचेत लावायचा छोटा तुकडा वेगळा घ्यावा लागतो. ब्लूटूथ स्पीकर ऐकायला उत्तम. तबल्याच्या ॲपवर बोटानं लय धरून वेग बसवायचा असेल तेव्हा मात्र नको, आवाज किंचित मागून येतो आणि मात्रा चुकते ती आपलीच वाटते. रियाजाच्या वेळी विमान मोड चालू ठेवायचा, नाहीतर कोमल रिषभावर व्हॉट्सॲपची टिंग येते.

आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा. माझी एक कार्डावर आहे. दुसरी पेन ड्राइव्हवर, त्याला चिकटपट्टी लावून त्यावर 'गाणी, दिवाळीपर्यंतची' असं लिहून देवघराच्या खणात ठेवली आहे. नातवानं परवा त्यावर सिनेमा भरायला मागितला. खणाला आता कुलूप आहे.