रेल्वे, घरटी, जुन्या वास्तू: गोव्यात फोटो काढताना उभं कुठं राहायचं

या कामासाठी करमळी स्टेशन म्हणजे आयती सोय आहे. कोकण रेल्वेच्या गाड्या, लाईनीच्या कडेला तळं, आणि रिक्षाने थोड्या अंतरावर जुने गोवे. एका दिवसात तिन्ही प्रकारचे फोटो होऊ शकतात. तरी बहुतेकांचे बिघडतात आणि त्याला कारण कॅमेरा नसतो. माणूस गरजेपेक्षा जास्त जवळ जातो. गाडीच्या जवळ जाणं जिवावर बेततं, घरट्याच्या जवळ जाणं पिल्लांच्या. इमारत कुणाला काही करत नाही, फक्त फोटोत मागे कलंडते.

गाडी

पहिला प्रश्न उजेडाचा. कोकण रेल्वे गोव्यातून साधारण उत्तर-दक्षिण जाते, म्हणून पेडणे, थिवी, करमळी, काणकोण या पट्ट्यात सकाळी लाईनीच्या पूर्वेला उभं राहायचं आणि दुपारी तीननंतर पश्चिमेला. वास्को–मडगाव–कुळे हा मार्ग साधारण पूर्व-पश्चिम. तिथे हिवाळ्यात दिवसभर दक्षिणेची बाजू चालते. पण गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून सरकून किंचित उत्तरेला गेलेला असतो, आणि दक्षिणेला उभं राहिलात तर गाडीची तुमच्याकडची बाजू काळी येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे चर्चच्या भिंतीला ती पुन्हा लागेल.

उभं राहायच्या जागा तीनच: प्लॅटफॉर्म (तिकीट काढून, पिवळ्या पट्टीच्या आत), रस्त्याचा पूल, आणि फाटकाबाहेरचा रस्ता. प्लॅटफॉर्म संपतो तिथला उतार उतरून खाली जायचं नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दूधसागरला रुळांवरून चालत जाणाऱ्यांनाही हेच लागू. पुलावरून फोटो काढताना वेगळं भान ठेवा. खालच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि झटका बसायला तारेला हात लागावा लागत नाही. मोनोपॉड, सेल्फी स्टिक, धातूच्या काड्यांची छत्री यातलं काहीही कठड्याबाहेर काढायचं नाही.

वास्कोच्या बाजूला आणखी एक पथ्य. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. ड्रोनचा विचारही नको, आणि गाडीच्या मागे विमानतळ येत असेल तर दुसरी जागा शोधा.

आता शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे जाते. १/१००० सेकंदात ती २.८ सेंटिमीटर सरकते. फ्रेममध्ये आडवी २४ मीटर लांबी मावते आणि सेन्सर ६००० पिक्सेल रुंद आहे असं धरलं, तर एक पिक्सेल म्हणजे ४ मिलिमीटर. म्हणजे गाडी ७ पिक्सेल पुसली जाते, आणि इंजिनाचा नंबर झूम केल्यावर मऊ दिसतो. शटर १/२००० केलं तर हे निम्म्यावर येतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे कोन बदलणं. गाडी समोरून तिरकी येताना, रुळांशी २० अंशांच्या आसपास, आडवी हालचाल एक तृतीयांश उरते आणि १/१००० पुरतं. इंजिनाचं तोंड आणि मागची डब्यांची रांग एकत्र येते ती याच कोनात, त्यामुळे हा फोटो दिसायलाही बरा. लेन्स १०० ते २०० मिमी. वळण असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहा, शेवटच्या डब्यापर्यंत गाडी दिसते.

सगळ्यात जास्त फोटो हेडलाईट खातो. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा तो झगझगीत दिवा पाहून अख्खा फोटो काळा करतो. गाडी यायच्या आधीच मॅन्युअलवर जा, उन्हातल्या खडीवरच्या किंवा गवतावरच्या उजेडाचं माप घ्या आणि ते तसंच सोडा. लख्ख उन्हात सुरुवातीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८, शटर १/१००० ठेवून पाहा. फोकस सततचा ठेवा, पण गाडी जिथे टिपायची तो तारेचा खांब आधी ठरवून त्यावर एकदा फोकस करून घ्या. गाडी त्या खांबापाशी यायच्या अर्धा सेकंद आधी बटण दाबायला सुरुवात करा. लोक थांबतात आणि मग अर्धं इंजिन फ्रेमबाहेर जातं.

दोन बारीक खोड्या आहेत. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर वरून खाली वाचला जायला १/३० सेकंद लागू शकतो. तेवढ्यात गाडी ९० सेंटिमीटर पुढे जाते आणि डब्याच्या खिडक्या तिरप्या येतात. मेकॅनिकल शटर लावा. दुसरं, डब्यावरच्या एलईडी पाट्या. त्यांचे दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात. १/१००० ला पाटीवर अर्धं अक्षर येतं. पाटी वाचता यायला हवी असेल तर गाडी उभी असताना १/१२५ ला काढा.

वेळापत्रक छापील नको, त्या दिवशीची गाडी कुठवर आली ते पाहून निघा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं आणि वेगही कमी केलेला असतो. मार्ग बराचसा एकेरी असल्याने गाड्या क्रॉसिंगला थांबतात. फोटोग्राफरसाठी ती पर्वणीच, कारण उभी गाडी आणि धावती गाडी एकाच फ्रेममध्ये मिळते. कुळ्याच्या पुढचा घाट १:३७ चढाचा. तिथे गाड्या सावकाश जातात आणि चढाला मागून जादा इंजिनं जोडलेली असतात, म्हणून शेपटाकडचा फोटोही सोडू नका. दूधसागरच्या पुलावरून जाणारी गाडी खालून टिपायची तर कुळ्याहून जीप. पावसाळ्यात त्या बंद असतात. जीप सुरू झाल्यावर लवकर जा, ऑक्टोबरच्या शेवटी धबधब्याला पाणीही टिकून असतं. मार्चमध्ये गेलात तर धार पाहून वाईट वाटेल.

घरटं

घरट्याच्या फोटोचा नियम रेल्वेच्या उलटा: तिथे आपण गाडीची वाट पाहतो, इथे पक्ष्याने आपल्याला विसरावं लागतं. पक्षी चोचीत किडा धरून फांदीवर बसून राहिला, घरट्यात जात नाही, सारखा कलकलाट करतोय, याचा अर्थ तुम्ही जास्त जवळ आहात. मागे सरा. दहा मिनिटांत तो घरट्यात गेला नाही तर तिथून निघा. धनेशाच्या बाबतीत हे फारच नाजूक. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, बारीक फट तेवढी ठेवते, आणि तिचं व पिल्लांचं खाणं नर आणतो. नर बुजला तर आत सगळेच उपाशी.

फोटोत फांदी आड येते म्हणून ती मोडणारे लोक आहेत. त्या फांदीचीच पिल्लांवर सावली असते, आणि मेच्या उन्हात उघडी पडलेली पिल्लं फार काळ जगत नाहीत. शिवाय कावळे हुशार. माणूस कशापाशी घुटमळतोय ते बघून ठेवतात आणि तुम्ही गेल्यावर येतात. फ्लॅश नको, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावणं नको, आणि फोटो टाकताना जागेचा पत्ता नको. घरट्यांना आणि अंड्यांना इजा करणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

शिकायला सगळ्यात चांगला पक्षी सुगरण. जून ते सप्टेंबर, माडाच्या झावळांना, शिंदीला, विहिरीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना घरटी लोंबतात, आणि नर विणण्यात इतका गर्क असतो की वीस-पंचवीस मीटरवरच्या माणसाकडे तो बघतही नाही. घरटं पुरं व्हायला सुमारे १८ दिवस लागतात. त्यातले आठेक दिवस ते शिरस्त्राणासारखं अर्धवट असतं: वर घुमट, खाली आडवी दांडी, नळी अजून नाही. फोटो याच टप्प्यावर घ्यायचा. मादी येऊन विणकाम तपासते ती आताच, आणि नर त्या दांडीवर उलटा लटकून पंख फडफडवतो. नळी झाली की दिसतं ते फक्त लोंबणारं गवत.

घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, नैऋत्येच्या वाऱ्या-पावसापासून आडोशाला. त्यामुळे सकाळी पाऊस उघडला की ऊन थेट घरट्यावर पडतं. साडेसात ते नऊ ही वेळ धरा, झाडाच्या पूर्वेला उभं राहा. ४०० मिमी, १/२०००, एफ ६.३, आयएसओ ऑटोवर आणि कमाल मर्यादा ३२००. आकाश पांढरं असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या, नाहीतर पिवळा पक्षी मातकट येतो. उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवत बसू नका. नर गवताची पात घेऊन दर वेळी साधारण एकाच बाजूने येतो. तीन-चार फेऱ्या नुसत्या बघा, मग दांडीवर फोकस बांधून ठेवा.

वेडा राघू आणि खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ करतात, रस्त्यासाठी कापलेल्या टेकाडातही. बिळात शिरण्याआधी पक्षी एकाच ठरलेल्या काटकीवर बसतो. फोटो काटकीचा घ्या, बिळाचा नको. मोटारीत बसून काच खाली करून काढलात तर आणखी उत्तम. पक्षी मोटारीला घाबरत नाहीत, दार उघडण्याला घाबरतात. करमळीच्या तळ्यात पावसाळ्यात कमळपक्षी पाहा. पानांवर अंडी उबवणारा बाप असतो, आई नव्हे. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात खारफुटीतून होडीने फिरता येतं, पण हलत्या होडीत १/१००० च्या खाली जाऊ नका आणि ट्रायपॉड घरी ठेवा.

इमारत

मनोरा मागे कलंडलेला दिसतो कारण कॅमेरा वर उचललेला असतो. कॅमेरा क्षितिजाला सपाट ठेवायचा आणि मनोरा मावेल इतकं मागे जायचं. किती मागे, हे मोजता येतं. फुलफ्रेमवर (३६ × २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमी लेन्स उभी धरली तर डोळ्यांच्या पातळीपासून वर, अंतराच्या पाऊणपट उंची मावते. आडवी धरली तर निम्मी. जुने गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याचा अवशेष ४६ मीटर उंच. म्हणजे उभ्या फ्रेमला ६० मीटर, आडव्याला ९०. तेवढी जागा नसेल तर थोडा वर उचला आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करा, पण दोन्ही कडांना मोकळी जागा सोडून ठेवा. सरळ करताना कडा कापल्या जातात.

तिथल्याच से कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्वेला, बॉम जेझू चर्चचा पश्चिमेला. सकाळी से, संध्याकाळी बॉम जेझू, इतकं साधं. तरी गर्दी बरोबर उलट करताना दिसते. बॉम जेझूचा गिलावा १९५०च्या दशकात काढला, तेव्हापासून चिरा उघडा आहे. सूर्य मावळण्याआधीच्या अर्ध्या तासात तो तांबूस होतो, पण कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स तो रंग धुऊन टाकतो. 'डेलाईट'वर ठेवा. उत्तरेकडच्या भिंतीला मोठे टेकू आहेत. त्या बाजूला वर्षातले बरेच महिने सावलीच असते. मेमध्ये मात्र सूर्य उत्तरेकडून येतो आणि टेकूंच्या सावल्या भिंतीवर खणखणीत पडतात. पावसाआधीचे तीन-चार आठवडे हातात मिळतात.

पांढऱ्या चर्चचा प्रश्न वेगळा. कॅमेरा पांढऱ्याला करडं करतो, म्हणून दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटत नाही ना ते पाहा. तांबडी सुर्लचं महादेव मंदिर काळ्या बेसाल्टचं, तिथे तेवढंच कमी करा. ते पूर्वाभिमुख आहे, सूर्योदयाला पोचायचं तर मोल्यातून पहाटेच निघावं लागेल. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडला परवानगी लागते. ती नसेल तर कॅमेरा बॅगेवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा, १/८ सुद्धा स्थिर येतो. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत माणसं राहतात. रस्त्यावरून फोटो काढा, बलकांवावर (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) चढू नका. घरातला माणूस बाहेर बसलेला असेल तर आधी विचारा, तोच कदाचित आत बोलावेल.

आत गेलात तर काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या बघा. बाहेरून त्या मळकट राखाडी दिसतात, आतून उजेड आला की दुधाळ होतात. माप शिंपल्यावर घ्या आणि एक स्टॉप वाढवा. खोली काळी पडेल, म्हणून त्याच जागेवरून तीन स्टॉप जास्तीचा दुसरा फोटो घेऊन दोन्ही जोडा. एसी गाडीतून थेट आला असाल तर आधी पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते. ती पुसायची नाही, आपोआप जाऊ द्यायची. पावसाळ्यात घरी कॅमेरा सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि जेल गुलाबी पडलं की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळं करून घ्या. गोव्याच्या हवेत लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.