आहाराच्या व्याख्यानाला जाताना

मी नागपुरात धरमपेठेत जेवणाचे डबे देते. गिऱ्हाईकं बहुतेक साठीच्या पुढची, अर्धी शुगरवाली. मोबाइलवर आलेला नवा शोध रोज कुणीतरी मला ऐकवतंच, म्हणून मीच आहारशास्त्राच्या कार्यक्रमांना जाऊन बसायला लागले.

शोधायचे तर १ ते ७ सप्टेंबरचा राष्ट्रीय पोषण सप्ताह धरा. गृहविज्ञान महाविद्यालयं, मेडिकल कॉलेजांचे आहार विभाग यांच्याकडे तेव्हा चौकशी करा. बाहेरच्यांना बसू देतात का, तेही फोनवरच विचारून घ्या. दारातच प्रोटीन पावडरचा स्टॉल दिसला तर आत जा खुशाल, पण हॉलचं भाडं कोण भरतंय ते पाहून ऐका.

जाण्याआधी घरी काट्यावर एक मोजमाप करून जा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळ आहे. हे वजन कच्च्याचं. व्याख्यानात नुसतं ‘८५ ग्रॅम डाळ’ म्हणतात आणि लोक शिजलेलं वरण मोजतात. माझ्या डब्यातल्या वाटीभर पातळ वरणात कच्ची डाळ जेमतेम २५ ग्रॅम असते, बाकी पाणी. म्हणून कुणीही आकडा सांगितला की माझा हात वर होतो: कच्चं की शिजलेलं? बोलणारे कधी हसतात, पण उत्तर देतात.

दुसरं विचारायचं ते, कशाच्या जागी? ज्वारीनं साखर आटोक्यात राहिली म्हणतात, तर ती माणसं आधी काय खात होती? भाताच्या जागी भाकरी आली आणि भातावर भाकरी आली, यात फरक आहे. माझ्याकडे दोन्ही प्रकारची गिऱ्हाईकं आहेत.

किती आणि किती दिवस, हे आपल्या विदर्भाला लाखोळीच्या डाळीनं (म्हणजे खेसारीनं) शिकवलंय. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. तिच्यातल्या ओडॅप या द्रव्यानं पाय लुळे पडतात, हे खरंच. पण तो आजार, लॅथिरिझम, प्रामुख्यानं दुष्काळात दिसला, जेव्हा लोक महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळीच खात होते. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की ओडॅप कमी होतं, पूर्ण जात नाही. लाखोळी खावी की नको, यावर दोन्हीकडचे तावातावानं बोलतात; त्यांना फक्त ताटातला वाटा आणि मुदत विचारा. (डब्यात मी लाखोळी देत नाही. तूर परवडते तोवर कशाला?)

आणि मोजलं काय, तेही बघा. जेवणासोबत चहा घेतला तर डाळ-भाजीतलं लोह कमी शोषलं जातं आणि लिंबू-संत्र्यानं वाढतं, हे एकेका जेवणावरच्या प्रयोगांत चांगलं दिसलंय. त्यावरून ‘रोज संत्रं खा, हिमोग्लोबिन चढेल’ असं कुणी म्हणालं तर महिन्यांनंतरची रक्ततपासणी कुठे आहे, विचारा. लिंबाची फोड मात्र मी डब्यात ठेवतेच, दोन रुपयांची तर गोष्ट.

प्रश्न मराठीतच विचारा. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी बोलणारी बाई बहुतेक वेळा वर्धा-अमरावतीकडचीच निघते. आणि चहापानाच्या वेळी तिला गाठा. माइकवर ‘संशोधन सांगतं’ म्हणणारी माणसं कपबशी हातात आली की ‘आमच्याकडे तीसच मुली होत्या हो, होस्टेलच्या’ असं मोकळेपणानं सांगतात.